निसण्यावर तेल की पाणी?

वकिलीच्या धंद्यात वाटणीची प्रकरणे पुष्कळ येतात. अनुभव असा, की घरे, शेते व दागिने ह्यांची वाटणी त्या मानाने लवकर उरकते. गाडे अडते ते एखाद्या क्षुल्लक वस्तूपाशी. काही दिवसांपूर्वी बेळगावच्या बाजूचे दोन सुतारबंधू वाटणीपत्र करून घेण्यासाठी आमच्याकडे आले. राहते घर थोरल्याकडे, रस्त्यावरची जागा धाकट्याकडे. करवती, रंधे, पटाश्या आणि वाकस वडिलांनी हयातीतच दोन ढिगांत मांडून ठेवलेले. हे सारे दोघांनाही मान्य होते. राहिला होता एक दगड. वीतभर लांब, दोन इंच रुंद, लाकडी पेटीत बसविलेला आणि वापराने काळाकुट्ट झालेला असा धार लावण्याचा निसणा. वडिलांनी तरुणपणी तो मुरगावच्या बंदरात एका जहाजावरील सुताराकडून विकत घेतला होता, आणि पुढे जन्मभर त्यांच्या हत्यारांना धार लागली ती त्याच दगडावर.

थोरला म्हणाला, “वकीलसाहेब, वडील ह्याच्यावर तेलाशिवाय दुसरे काही घालत नसत. हा त्याला पाण्यात घालणार. मग दगड गेलाच म्हणून समजा.” धाकटा पुण्याकडच्या एका कारखान्यात काही वर्षे काम करून परतलेला, तेथे त्याने जपानी पद्धतीचे पाण्याचे दगड वापरले होते. तो म्हणाला, “दादाच्या तेलानेच दगड मेला आहे, साहेब. पटाशी वरून नुसती घसरते. साबणाने धुऊन पाण्यावर घेतला तर अजून जिवंत होईल.” दगडाची किंमत दोघांपैकी कोणालाच नको होती. प्रत्येकाला तो दुसऱ्याच्या हातून वाचवावयाचा होता.

कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात ह्या वादाचे उत्तर नव्हते. म्हणून आम्हीच दोघांकडे तारीख मागून घेतली आणि धार, दगड, तेल व पाणी ह्यांविषयी जे वाचावयास मिळाले ते वाचले. वाचता वाचता ध्यानात आले, की सुतारांच्या ह्या दोन मुलांचे भांडण निदान दोन हजार वर्षांचे जुने आहे, आणि त्याची पहिली कैफियत रोमन साम्राज्यात लिहिली गेली आहे. वाचकांसही ती हकीकत मनोरंजक वाटेल, अशा समजुतीने ती येथे मांडीत आहोत.

प्रथम हे पाहिले पाहिजे, की दगडावर ओला पदार्थ घालावयाचाच कशासाठी. गाडीच्या आसाला वंगण देतात ते घर्षण कमी व्हावे म्हणून. निसण्यावर तर घर्षण हवेच असते. ते नसेल तर धार लागणार कशी? पाते घासले जाऊ लागले, की त्यातून लोखंडाचा बारीक भुगा निघतो. तो दगडाच्या कणाकणांमध्ये जाऊन बसतो, दगडाचे तोंड बुजते आणि थोड्याच दिवसांत दगड आरशासारखा चकाकू लागतो. अशा दगडावर पाते फिरते, परंतु झिजत नाही. दगडावरचा द्रव ह्या भुग्याला तरंगत ठेवतो, म्हणजे तो फडक्याने पुसून काढता येतो. वेगाने फिरणाऱ्या साणेच्या चाकावर पाते तापू नये म्हणूनही पाणी लागते. परंतु हाताने धार लावताना पाते तापते ते नाममात्र. तात्पर्य, ह्या द्रवाला आपण सवयीने वंगण म्हणत असलो तरी त्याचे मुख्य काम धुण्याचे आहे. ही एक गोष्ट मनात ठेविली म्हणजे पुढचा सारा इतिहास उलगडत जातो.

आता ती रोमन कैफियत. इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात मृत्यू पावलेला थोरला प्लिनी हा आपल्या सृष्टिविषयक विश्वकोशामुळे प्रसिद्ध आहे. त्या ग्रंथाच्या ३६ व्या खंडात दगडांचे वर्णन करताना त्याने निसण्यांचे चार वर्ग सांगितले आहेत, आणि वर्गीकरणाचे तत्त्व म्हणून त्याने दगडावर घालण्याचा द्रवच घेतला आहे. पहिला वर्ग तेलाच्या दगडांचा. त्यांत दीर्घकाळ क्रीट बेटाच्या दगडाला पहिला मान होता, आणि दुसरा मान लॅकोनियातील टायगेटस पर्वताच्या दगडाला. दुसरा वर्ग पाण्याच्या दगडांचा. त्यांत नॅक्सॉसच्या नावाने ओळखला जाणारा दगड पहिला आणि आर्मेनियाचा दुसरा. तिसऱ्या वर्गातील दगड तेल व पाणी दोन्हींवर चालत. ते किलिकियाहून येत. चौथा वर्ग वाचून मात्र आम्ही थबकलो. ह्या दगडांवर माणसाची थुंकी लावीत, आणि ते न्हाव्यांच्या दुकानांत वापरले जात! आज आपणांस किळस येईल. परंतु न्याय एकच आहे. दगड जो द्रव मागतो आणि माणसाजवळ जो द्रव असतो, त्या दोहोंची जेथे गाठ पडते तेथे वहिवाट जन्मते.

त्याच ग्रंथाच्या १८ व्या खंडात शेतीचे वर्णन आहे. तेथे प्लिनीने गवत कापणाऱ्या मजुराचे एक चित्र रेखाटले आहे, आणि ते आमच्या मनातून अद्याप जात नाही. पूर्वी इटलीत क्रीटचे व समुद्रापलीकडचे असेच इतर दगड तेवढे ठाऊक होते, आणि तेलाशिवाय त्यांच्यावर विळ्याला धार येत नसे. म्हणून गवत कापणारा मजूर पायाला तेलाचे शिंग बांधून कुरणात चालत असे. पुढे इटलीतच पाण्यावर चालणारे दगड सापडले, आणि ते कानशीप्रमाणे लोखंडावर हुकमत चालवीत, असे तो सांगतो.

ह्या दोन वाक्यांत किती अर्थ साठविलेला आहे ते पाहावे. ऑलिव्हचे तेल रोमन मनुष्य खात असे, दिव्यात जाळीत असे आणि स्नानाच्या वेळी अंगाला चोळीत असे. ते फुकट नव्हते. गवत कापताना विळ्याची धार दिवसातून अनेकदा जाते, आणि प्रत्येक वेळी त्या शिंगातले थोडे तेल खर्ची पडे. दगड आणावयाचा तो समुद्रापलीकडून, आणि त्याच्या जोडीला हा रोजचा खर्च. इटलीचा पाण्याचा दगड हाती आला, तेव्हा कुरणाच्या कडेने वाहणारा ओढाच पुरेसा झाला. कोणी तत्त्वज्ञाने पाण्याचे श्रेष्ठत्व सिद्ध केले म्हणून हा पालट घडला नाही. दगड बदलला, त्याबरोबर द्रव बदलला, आणि मजुराच्या पायाचे ओझे उतरले.

शिंग मात्र गेले नाही. आल्प्स पर्वताच्या परिसरात जुन्या पद्धतीने लांब दांड्याच्या विळ्याने गवत कापणारे लोक अजून आहेत. त्यांच्या कमरेला गाईचे शिंग किंवा त्याच आकाराचे पत्र्याचे नळकांडे लटकते. त्यात पाणी असते आणि त्या पाण्यात निसणा बुडालेला असतो. काही ठिकाणी पाण्यात थोडा शिरका घालतात. प्लिनीच्या मजुराच्या पायाला असलेले शिंग कमरेवर चढले आणि तेलाच्या जागी पाणी आले, एवढाच काय तो दोन सहस्र वर्षांतला फरक.

आपल्या देशात धारेचा विचार किती सूक्ष्म झाला होता, हे पाहावयाचे तर शस्त्रवैद्याकडे वळले पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील आठव्या अध्यायात शल्यकर्माच्या शस्त्रांची चर्चा आहे. कोणत्या शस्त्राची धार किती बारीक असावी ह्याची मापे तेथे दिली आहेत: भेदनाच्या शस्त्रांची मसुरेएवढी, लेखनाच्या शस्त्रांची अर्ध्या मसुरेएवढी, शीर टोचण्याच्या शस्त्रांची केसाएवढी आणि छेदनाच्या शस्त्रांची अर्ध्या केसाएवढी. धार लावण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा सांगितली आहे, आणि लागलेली धार कायम राखण्यासाठी सावरीच्या लाकडाची फळी. शस्त्राने केस कापला जावा, ही धारेची कसोटी. आमच्या थोरल्या सुताराने दगड दाखविताना पटाशीने मनगटावरचे केस तासून दाखविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा आपण सुश्रुताची परीक्षा देत आहोत ह्याची त्या बिचाऱ्याला कल्पना नव्हती. आणि त्या परीक्षेत तो नापास झाला, हेही येथेच नमूद केले पाहिजे.

शिळेवर कोणता द्रव घालावा ह्याचा उल्लेख सुश्रुताच्या त्या वचनात नाही. परंतु तेल व पाणी त्या अध्यायात आले आहेत ते दुसऱ्याच कामासाठी. शस्त्र तापवून द्रवात बुडविण्याच्या क्रियेला तेथे ‘पायना’ म्हटले आहे, आणि ती तीन प्रकारची: क्षाराची, पाण्याची व तेलाची. बाण व हाडे कापावयाच्या शस्त्रांना क्षाराची, मांस कापावयाच्या शस्त्रांना पाण्याची, शीर व स्नायू ह्यांवरील कामाच्या शस्त्रांना तेलाची. आपण मराठीत हत्याराला ‘पाणी देणे’ म्हणतो ते हेच. निसण्यावर घालतात ते पाणी वेगळे. पाण्यात बुडविलेले पोलाद झटकन निवते आणि फार कठीण होते. तेलात ते सावकाश निवते व कमी ठिसूळ राहते. म्हणजे तेल श्रेष्ठ की पाणी श्रेष्ठ हा प्रश्न सुश्रुताने विचारलाच नाही. काम कोणते, एवढेच त्याने विचारले. आमच्या दोन अशिलांपैकी एकानेही तोवर हा प्रश्न दगडाला विचारला नव्हता.

दगडांच्या बाबतीत भारताची जगाला एक देणगी आहे, आणि तिचा पुढे आमच्या खटल्याशी अनपेक्षित संबंध आला. आपल्याकडे कुरुंदाचा दगड प्रसिद्ध आहे. संस्कृत कुरुविंद आणि तमिळ कुरुंदम् ह्या शब्दांचे हे कुळ. युरोपीय भाषांत ह्या खनिजाला ‘कोरंडम’ म्हणतात, तेही ह्याच दक्षिणी शब्दावरून. १७९८ साली चार्ल्स ग्रेव्हिल ह्याने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आशियातील ह्या दगडावर निबंध लिहिला, आणि तेथील पंडितांचे लक्ष तिकडे वेधले. हिऱ्याच्या खालोखाल कठीण असलेले हे खनिज दळून, त्याची पूड लाखेत कालवून आपले कारागीर साणेचे चाक करीत. रत्नांना पैलू पाडणारे आणि शस्त्रांना झिलई देणारे शिकलगार अशीच चाके वापरीत. लाखेला उष्णता सोसत नाही. चाक तापले तर ते मऊ पडणार. म्हणून येथे द्रवाचे थंड करण्याचे कामही महत्त्वाचे ठरते. पुन्हा तेच: साण कशाने बांधली आहे, त्यावरून तिला काय द्यावे ते ठरते.

पूर्वेकडे जपानने पाण्याची परंपरा कळसाला नेली. क्योतोच्या आसपासच्या डोंगरांत अत्यंत बारीक पोताचे गाळाचे खडक आहेत. त्यांचे निसणे घासले जाताना स्वतःही झिजतात आणि नवे कण मोकळे करतात. पाण्यात त्या कणांचा पातळ चिखल होतो, आणि हा चिखलच धार लावण्याचे पुष्कळसे काम करतो. अशा दगडावर तेल घालणे म्हणजे त्याचा गळा घोटणे होय. तेल त्याच्या सूक्ष्म छिद्रांत शिरले, की पुन्हा बाहेर निघत नाही आणि चिखल होऊ देत नाही. पाण्याने पोलाद गंजते ही अडचण जपानी कारागिरांनाही होती. तलवारींना झिलई देणारे लोक म्हणून पाण्यात सोड्यासारखा क्षार मिसळतात, परंतु पाणी सोडीत नाहीत. युरोपातही बेल्जियमच्या आर्देन भागात ‘कोटिक्यूल’ नावाचा पिवळसर दगड निघतो. त्यात गार्नेट नामक कठीण खनिजाचे सूक्ष्म कण असतात. वस्तऱ्यासाठी नावाजलेला हा दगडही पाण्यावरच चालतो.

ह्याच्या उलट बाजूस तुर्कस्तानचा दगड आणि अमेरिकेतील अर्कान्साचा दगड. युरोपातील कारागीर तुर्की दगड तेलावर वापरीत. अर्कान्साचा दगड वॉशिटा पर्वतातून निघतो. तो जवळजवळ शुद्ध सिलिका असून त्याचे शास्त्रीय नाव नोव्हॅक्युलाइट असे आहे. लॅटिन भाषेत ‘नोवाकुला’ म्हणजे वस्तरा. तेथील मूळ रहिवासी फार पूर्वीपासून त्याची बाणाग्रे करीत. हा दगड इतका घट्ट आहे, की त्यावर घातलेले पाणी थेंबाथेंबाने उभे राहते किंवा पाहता पाहता वाळून जाते. तो स्वतः सहसा झिजत नाही, म्हणून चिखलही होत नाही. लोखंडाचा भुगा तरंगत ठेवावयाचा तर वर टिकून राहणारा द्रव हवा, आणि तो म्हणजे तेल. लोकांनी त्याला ‘तेलाचा दगड’ असे नाव दिले. नाव पडले, की त्याचाच कायदा होतो. वस्तुतः ज्याला कधी तेल लागलेले नाही असा कोरा अर्कान्सा दगड पाण्यावर, विशेषतः साबणाच्या पाण्यावर, चालतो. परंतु एकदा त्याने तेल पिले, की पुढे पाणी त्यावरून निसटून जाते. म्हणजे दगडाच्या जातीइतकेच त्याचे पूर्वचरित्रही महत्त्वाचे ठरते. आम्हां वकिलांना हे तत्त्व परिचयाचे आहे. जमिनीचा कस पाहून तिच्यावरचा हक्क ठरत नाही. पूर्वीचे दस्तऐवज काढावे लागतात.

तेल म्हणजे कोणते तेल, हा प्रश्न राहिलाच. एकोणिसाव्या शतकात इंग्रज व अमेरिकन सुतार ऑलिव्हचे तेल, गुरांच्या खुरांपासून काढलेले तेल आणि व्हेल माशाच्या मस्तकातील तेल वापरीत. पटाशीच्या धारेसाठी महासागरात व्हेल मारले जावेत, ही कल्पना आज चमत्कारिक वाटते. १८५९ साली पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिल येथे ड्रेक ह्याच्या विहिरीला खनिज तेल लागले, आणि त्यानंतर स्वस्त व पातळ खनिज तेलांनी हळूहळू ही सारी प्राणिज तेले मागे सारली. आपल्याकडील सुतार निसण्यावर रॉकेल व यंत्राचे तेल मिसळून घालतात, ती ह्याच पालटाची शाखा. व्यापारासाठी व्हेलची शिकार करण्यावर आंतरराष्ट्रीय स्थगिती आली ती १९८६ मध्ये. तोपर्यंत निसण्याला त्या तेलाची आठवणही उरली नव्हती.

खनिज तेलाचा गुण केवळ स्वस्ताईत नाही. वनस्पतींची काही तेले हवा लागली, की तिच्यातील प्राणवायू घेऊन घट्ट होतात. जवसाचे तेल रंगात घालतात ते ह्याच गुणासाठी: लाकडावर त्याचा कठीण पापुद्रा बनतो. दारावर जो गुण, तोच निसण्यावर दोष. जवसाचे तेल दगडाच्या छिद्रांत वाळले, की दगडाला आतून रोगण चढले म्हणून समजावे. करडईच्या तेलातही वाळण्याचा हा धर्म आहे. खोबरेल तसे वाळत नाही, परंतु सुमारे २४ अंश सेल्सियसखाली ते थिजते. गोव्यात वर्षाचा बहुतेक काळ ते पातळ राहील, इंदूर-ग्वाल्हेरच्या हिवाळ्यात मात्र निसण्यावर त्याचे लोणी होईल. एरंडेल वाळत नाही, पण इतके दाट असते, की पाते त्याच्यावर तरंगते आणि दगडाला नीट टेकत नाही. खनिज तेल वाळत नाही, थिजत नाही आणि हवे तितके पातळ मिळते. त्याचे दोषही आहेत. स्वयंपाकघरातील विळीला किंवा सुरीला रॉकेलचा वास कोणाला चालेल? आणि सुताराच्या हातचे तेल लाकडाला लागले, तर तेथे पुढे सरस धरीत नाही व पॉलिश बसत नाही. उलट, कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात पाण्यावर घासलेले पाते तसेच ठेवले, तर रात्रीतून त्यावर तांबेरा चढतो. ज्याने त्याने आपले काम व आपली हवा पाहावी.

आता ह्या हकीकतीचे शेवटचे पर्व. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन ह्याने विजेच्या भट्टीत माती व कोळसा तापविताना एक अतिशय कठीण स्फटिक मिळविला. तो कार्बन व कोरंडम ह्यांचा संयोग असावा असे समजून त्याने त्याला ‘कार्बोरंडम’ हे नाव दिले. समजूत चुकीची होती. ते सिलिकॉन कार्बाइड होते. नाव मात्र टिकले, आणि त्या नावाच्या शेपटीत आपला कुरुंद जगभर पोचला. मद्रासेत १९५४ साली कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी निघाली, तेव्हा तो शब्द एका अर्थी फिरून घरी आला असे म्हणावयास हरकत नाही. पुढे बॉक्साइट वितळवून कृत्रिम कोरंडमही तयार होऊ लागले, आणि त्यापासून अमेरिकेतील नॉर्टन कंपनीने तपकिरी-नारिंगी रंगाचा एक निसणा बाजारात आणला. त्याचे नाव ‘इंडिया’. ह्या दगडाचा एक विशेष असा, की तो कारखान्यातच तेलाने भरून बाहेर पाठवितात. त्याच्या छिद्रांत तेल आधीच मुरलेले असल्यामुळे वर घातलेले तेल आत शोषले जात नाही, पृष्ठावर राहते आणि भुगा वाहून नेते.

तेल व पाणी ह्या दोन्ही पक्षांना खोटे ठरवू पाहणारा एक तिसरा पक्षकारही नंतर उभा राहिला. अमेरिकेतील जॉन ज्युरॅनिच ह्याने १९८५ च्या आपल्या पुस्तकात दगड कोरडाच वापरावा असे प्रतिपादन केले. त्याचे म्हणणे असे, की तेलात तरंगणारा भुगा नव्या धारेवर आदळतो व ती बोथट करतो. हे म्हणणे अगदीच निराधार नाही, पण कोरड्या दगडाचे तोंड बुजते त्याची सफाई मग वारंवार करावी लागते. धुणे टळत नाही, फक्त लांबणीवर पडते. आणि १९५४ मध्ये कृत्रिम हिरा करण्याची युक्ती साधल्यानंतर आलेल्या हिऱ्याच्या पट्ट्यांना थोडे पाणी पुरते. त्यांना छिद्रेच नसल्यामुळे पूर्वचरित्राचा प्रश्नही नाही.

इतके वाचून झाल्यावर आम्ही दोघा भावांस दगड घेऊन बोलाविले, आणि साक्षीदारास विचारावे तसे दोनच प्रश्न विचारले. पहिला थोरल्यास: “वडील कोणते तेल घालीत?” तो म्हणाला, “शिवणयंत्राचे. कधी त्यात रॉकेल.” “आणि तुम्ही?” तो थोडा घुटमळला. वडील गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षे, तो घरात असलेले करडईचे तेल घालीत होता. तेल ते तेलच, अशी त्याची समजूत. दुसरा प्रश्न धाकट्यास: “पेटीतून दगड कधी बाहेर काढला होता का?” काढला नव्हता. आम्ही काढावयास सांगितला. पेटीच्या तळाशी जुन्या कागदाचा तुकडा चिकटलेला होता, आणि त्यावर इंग्रजी अक्षरांत ‘इंडिया’ एवढेच वाचता येत होते. दगडाची खालची बाजू वरच्यासारखी काळी नव्हती. ती तपकिरी-नारिंगी होती.

निकाल त्यातच होता. दगड तेलाचाच, हे थोरल्याचे म्हणणे खरे; परंतु वडील तसे करीत म्हणून नव्हे, तर वडिलांच्या हाती येण्यापूर्वीच कारखान्यात त्याने तेल पिलेले होते म्हणून. दादाच्या तेलाने दगड मेला, हे धाकट्याचे म्हणणेही खरे. परंतु तो तेलामुळे मेला नव्हता, करडईच्या तेलामुळे मेला होता. पाण्याने तो जिवंत झाला नसता. वडिलांची वहिवाट पाळतो असे म्हणणाराच ती मोडीत होता, आणि मोडणारा जे दुखणे सांगत होता ते बरोबर होते, औषध चुकीचे होते. न्यायालयांतही असे पुष्कळदा घडते, फक्त तेथे पेटीतून दगड बाहेर काढण्यास कोणी सांगत नाही.

आमच्या सांगण्यावरून त्यांनी दगड झाकणाच्या डब्यात रॉकेलमध्ये बुडवून ठेविला, रोज ताठ ब्रशाने घासला आणि रॉकेल बदलले. आठवड्याने दोघे परत आले, तेव्हा दगडाचे वरचे तोंडही तांबूस दिसू लागले होते. थोरल्याने त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब टाकले आणि पटाशी स्वतः न घेता धाकट्याच्या हाती दिली. धाकट्याने पाचसात हात मारले, फडक्याने काळे तेल पुसले आणि मनगटावर पटाशी फिरविली. केस निघाले.

वाटणीपत्रात आम्ही त्या दगडापुरते एक कलम घातले आहे. दगड अविभक्त राहील. एक वर्ष थोरल्याकडे व एक वर्ष धाकट्याकडे राहील. आणि ज्याच्याकडे तो असेल त्याने त्यावर पातळ खनिज तेलाखेरीज कोणताही द्रव घालू नये. धाकट्याने स्वतःच्या पाण्याच्या दगडांसाठीही असेच एक उलटे कलम हवे, असा आग्रह धरला: त्यांवर कोणीही तेलाचा हात लावू नये. तेही आम्ही लिहिले. दोघांनीही सही करण्यापूर्वी ती दोन कलमे तेवढी पुन्हा वाचून घेतली.